दुधाचा गंज

मित्राच्या बेस गिटारवर दोन वर्षं घासून घासून संघदीपच्या बोटांना घट्टे पडले, तरी त्याच्या मायची, चंपाबाईची, तक्रार एकच. "गाणारा आयकू येते, ढोलकी आयकू येते. तू नेमकं काय करतं बापू?"

आता जयंतीच्या कार्यक्रमासाठी स्वतःचा बेस घ्यायचं ठरलं, तर ती कारंज्याला वाद्यांच्या दुकानात संगं आली, तेही पिशवीत दूध तापवायचा स्टीलचा गंज घेऊन. पोरगा घरी वाजवायला बसला की फळीवरचा हाच गंज थरथरत सरकायचा. त्याच्या कलेतलं तिला तेवढंच कळायचं. तिनं गंज सरळ दुकानातल्या स्पीकरवर ठेवला. दुकानदारानं तीन बेस दाखवले. संघदीप लाकूड पाहे, तारा दाबून पाहे. माय गंज पाहे. तिसऱ्या बेसला गंज नाचत नाचत पार काठावर आला.

"हाच बांधा," चंपाबाई म्हणाली.

जयंतीला आसेगावच्या स्टेजवर संघदीप डोळे मिटून वाजवत होता. त्याच्या स्पीकरवर गंज, समोर पहिल्या रांगेत माय. पब्लिक बेफाम नाचत होती. चौथं गाणं सुरू झालं आणि चंपाबाई पदर खोचून उठली.

"थांबा रे. तीन गाणे वाट पाह्यली मी. गंज हालूनच नाही राह्यला."

संघदीपनं डोळे उघडून खाली पाहिलं. बेसची वायर पहिल्या गाण्यापासून निघून त्याच्याच पायाखाली पडून होती.