शहजाद्याचा बाप

"अण्णा, आज शहजादा मरतोय का काय?" शेजारच्या छबुबाईने विचारलं आणि पदर तोंडात धरला.

टीव्हीवर हजारो घोडे उधळले होते. वरून पंखांचे साप आग ओकत होते, आणि खालची फौज वाळल्या कडब्यासारखी पेटत होती.

"गप बस. वाचू दे," अण्णाराव म्हणाले आणि त्यांनी चष्मा वर ढकलला.

दिंद्रुडला तेव्हा दर रविवारी सकाळी असंच चालायचं. तानाजीने आपल्या एसटीडी बूथच्या गच्चीवर भलीमोठी डिश बसवून गल्लीभर केबल ओढली होती. त्या डिशला कुठलंतरी परदेशी चॅनल सापडलं. कार्टून जपानी, बोलणं जपानी. खाली मात्र उजवीकडून डावीकडे पळणारी अक्षरं. ती वाचणारा गल्लीत एकच माणूस होता, अण्णाराव कापडवाले. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूत झाली होती. म्हणून सगळी गल्ली त्यांच्याच घरी जमायची.

पहिल्या रविवारी ते बराच वेळ नुसते बघत बसले. दोनदा चष्मा पुसला. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. मग एकदम वाचायला लागले, ते पुढे थांबलेच नाहीत.

काय दिवस होते ते! लाइट गेली की लोक वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. शहजादा पहिल्या लढाईत रक्त बघून घोड्याच्या पोटाखाली लपला होता. "हे कसलं शेळपट लढतंय!" असं तेव्हा छबुबाईच म्हणाली होती. पुढे तोच पोरगा एकटा पुलावर उभा राहून अख्खी फौज अडवू लागला आणि छबुबाईला रविवारचं जेवण जाईना. बापाशी भांडून तो घरातून निघाला होता. प्रत्येक लढाईनंतर त्याचा म्हातारा बाप, म्हणजे राजा, बुरुजावर उभा दिसायचा आणि काहीतरी बोलायचा.

शांतादेवी स्वयंपाकघराच्या दारात बसून नवऱ्याचं वाचन ऐकायच्या. त्यांचा रुद्रेशही असाच गेला होता. दुकानात बसणार नाही म्हणाला, बापलेकांचं जुंपलं, आणि पोरगा थेट सौदीला. अण्णारावांनी कपिलधारला जाऊन गुरूंच्या समाधीवर हात ठेवला आणि शपथ घेतली: त्याचं नाव तोंडातून काढणार नाही, घरी ये म्हणून सांगणार नाही. पोरगाही बापावरच गेलेला. रविवारी दुपारी बूथवर आईला फोन करायचा, पण बापाने बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही म्हणायचा. दोघांच्या हट्टात आईचं मरण होतं.

"शपथ सोडा की आता," शांतादेवी म्हणायच्या.

"शपथ म्हंजे काय चप्पल हाय, दारात सोडायला?"

"तो राजा बगा कसा मऊ व्हायलाय. पोराची लई वाट बगतोय."

"ते चित्रातलं हाय. चित्रात कुणीबी मऊ होतंय."

फोनवर घरातलं सांगण्यासारखं काही नसायचं. म्हणून शांतादेवी पोराला कार्टून सांगायच्या. रुद्रेशला लढायांचं फारसं नसायचं. "आन् राजा काय म्हणला?" एवढंच तो विचारायचा. त्या शब्दन्शब्द सांगायच्या, आणि पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.

"तिकडं दिसतंय का रे हे?" एकदा त्यांनी विचारलं.

"दिसतंय की."

"मग मला कशाला सांगायला लावतोस?"

"तू सांगितलेलं बरं वाटतंय, आई."

आज शेवटची लढाई होती. जखमी शहजादा लंगडत किल्ल्याच्या दारापाशी आला. मागे शत्रूची फौज, आणि दारात म्हातारा राजा दोन्ही हात पसरून उभा. खाली अक्षरं उमटली. अण्णारावांनी चष्मा काढून पुसला.

"अण्णा, वाचा की!" तानाजी ओरडला.

"दरवाजे उघडा म्हणतोय." अण्णारावांचा आवाज घोगरा झाला. "वाट बगून डोळे गेले माझे, म्हणतोय. चूक माझीच झाली. पोरा, घरी चल."

छबुबाई हुंदके देऊन रडायला लागली. शांतादेवींना मात्र नवऱ्याचा संताप आला. चित्रातल्या बापासाठी गळा दाटतो आणि पोटच्या पोराला शपथ! त्या ताडकन उठल्या.

"फोनचा टाइम झाला ना तुझा?" अण्णाराव पाठमोरेच म्हणाले. "जा, उशीर करू नको."

बूथवर जाऊन शांतादेवींनी सगळं सांगितलं. मग रुद्रेश लहान पोरासारखा रडला.

"आई, मी येतोय," तो म्हणाला.

महादेवाने ऐकलं, असं त्यांना वाटलं.

दिवाळीच्या आधी रुद्रेश आला आणि उंबऱ्यावर थबकला. अण्णाराव उठले आणि त्याच्या हातातली बॅग घेऊन आत गेले. शपथेत बॅगेचं काही नव्हतं.

पुढच्याच रविवारी चॅनलवर शेवटची लढाई पुन्हा लागली. गल्ली पुन्हा गोळा झाली.

"आज माझे डोळे चुरचुरायलेत," अण्णाराव म्हणाले. "मला न्हाई जमायचं."

"मग रुद्रेश, तू वाच," शांतादेवी म्हणाल्या. "इतकी वर्षं तिकडं ऱ्हायलास, तुला बी येत आसंल की."

अण्णारावांनी मान खाली घातली.

राजा हात पसरून दारात उभा राहिला. अक्षरं उमटली. रुद्रेशने ती वाचली आणि बापाकडे बघितलं.

"दरवाजे उघडा म्हणतोय," तो मोठ्याने म्हणाला. "पोरा, घरी चल म्हणतोय."

खालची भाषा उर्दू नव्हतीच, अरबी होती. आणि तिथे लिहिलं होतं, 'दरवाजे लावा. हा माझा मुलगा नाही.'