पोचल्याचा फोन

भूकंपानंतरच्या वर्षी विशाखा शिकवणीसाठी लातूरला गेली, तेव्हापासून नांदेडला अण्णांचा एक नेम होता. लेकीचा 'पोचले' असा फोन आल्याशिवाय ते अंथरुणाला पाठ टेकत नसत. पुढे ती लातूरलाच नोकरीला लागली, तरी नेम मोडला नाही.

आज नांदेडच्या दवाखान्यात अण्णांचं काही खरं नव्हतं, आणि तिची एसटी भर दुपारी अहमदपूरच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकली होती. मोबाइलवर अजून किती अंतर आहे ते शोधलं, तर उत्तर आलं: लातूर ते नांदेड, विमानाने अर्धा तास. विमान कुठून आणायचं होतं तिने!

तेवढ्यात धाकट्या भावाचा, सुदर्शनचा फोन आला. "ताई, कुठवर आलीस? डॉक्टर म्हणतात, कशाच्या जोरावर टिकलेत कळंना. सारखं विचारून राहिलेत, पोरगी पोचली का म्हणून. फोन त्यांच्या कानाला लावतो, धीर दे जरा."

धीर मिळाला तर आपण जाईपर्यंत थांबतील, असं तिला वाटलं. "पोचले, अण्णा," ती म्हणाली. "दवाखान्याचा जिनाच चढून राहिले."



"बरं झालं माय," अण्णा म्हणाले. "झोपतो आता."