गप्प केलेली नस

पायाची आग थांबवायला नस गप्प करणारं इंजेक्शन घेतलेल्यांचे तळवे घरच्यांनी रोज बघायचे असतात. भाचीच्या लग्नाच्या गडबडीत यमुनाबाईंकडून ते राहिलं. त्यांच्या नवऱ्याच्या, भिकाजींच्या पायात खिळा घुसला, आणि त्यांना पत्ताच नव्हता. आता तळवा काळा पडला होता.

“नस गप्प आहे तोवर ती जखम भरायला रक्त बोलावणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “तिला पुन्हा जागं करू. पाय वाचेल.”

“आणि आग?” भिकाजींनी विचारलं.

“तीही परत येईल.”

“मग पाय काढा.”

“अहो, वेड लागलंय का?” यमुनाबाई म्हणाल्या. पण मग त्यांना इंजेक्शनाआधीचे भिकाजी आठवले. पायाला चादर लागली तरी ते गुरासारखे ओरडायचे.

त्या डॉक्टरांकडे वळल्या.

“कुठून कापाल?”