श्वासाचं कडं

पोळी लाटताना वैजूच्या मनगटावरचं कडं एकदम थांबलं. दोन वर्षांपूर्वी शमिका अतिदक्षता विभागातून घरी आली, तेव्हापासून लेकीचा एकेक श्वास ते कडं हलक्या दाबानं तिला कळवायचं. लाटणं टाकून वैजू आतल्या खोलीत धावली.

शमिका गाल फुगवून बसली होती. आईला पाहताच तिनं श्वास सोडला. "हे बघ, हत्ती काढला."

गळ्यात नळी होती तेव्हा आवाज फुटत नसे, म्हणून पोरीनं श्वास रोखून आईला बोलवायची युक्ती शोधली होती. नळी निघून वर्ष झालं, तरी सवय गेली नव्हती. कडं आता काढा, असं डॉक्टर प्रत्येक खेपेला सांगायचे. वैजूलाच धीर होत नव्हता.

आज तिनं ते काढून हत्तीशेजारी ठेवलं. "आता मला काही कळायचं नाही हं. मी हवी असले की हाक मारायची."

ती ओट्याशी परतली. मनगट हलकं, कान दाराकडे. एक पोळी करपली.

"आई."

पाय निघालेच होते. वैजूनं ओट्याची कड घट्ट धरली.

"ओ," ती म्हणाली, आणि दुसरी पोळी तव्यावर टाकली.