फळीवरचा ठोका

ईस्टर तोंडावर आला होता. फादर झेनोन सकाळपासून पापकबुलीच्या लाकडी खोक्यात बसले होते आणि जाळीपलीकडून तेच ते कानावर येत होतं, ‘चोरी नाही, खून नाही, फादर. दरवर्षी येतो म्हणून आलो.’ एकीने तर सांगितलं, ‘लवकर ठोका हो, अंडी रंगवायची राहिलीत.’ आमच्या क्राकोव्हकडे कबुली ऐकून झाली की फादर आतून फळीवर ठोकतात. ठोका ऐकला की देवाने माफ केलं समजायचं, दारावर सोडलेल्या त्यांच्या जांभळ्या गळपट्ट्याला ओठ टेकायचे आणि उठायचं. दुपारी एक माणूस येऊन गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, ‘फादर, माझ्या आईला मी...’ थकलेल्या फादरांचा तिथेच डोळा लागला. जाग आली ती स्वतःचंच डोकं फळीवर आपटल्यावर. बाहेर तो माणूस गळपट्ट्यात तोंड खुपसून हुंदके देत होता. त्याला तो माफीचा ठोका वाटला होता. ‘उपकार झाले, फादर. वाटलं नव्हतं, याला माफी असेल,’ म्हणत तो उठला. फादरांनी त्याला जाऊ दिलं. त्याच्या जागी लुत्सिनाआजी टेकल्या. ‘माझ्या हातून काही घडलेलं नाही, फादर. ठोका.’ फादरांनी गळपट्टा आत ओढला. त्याचं टोक ओलंचिंब होतं. ‘माझ्या हातून घडलंय, आजी. तो माणूस फार लांब गेला नसेल. हाक मारा त्याला.’