लग्नाआधीचा उन्हाळा

१९५४च्या उन्हाळ्यात चिंचवडचे ज्योतीराम आणि रहिमान रोज दुपारी पवनेच्या डोहात पोहायला जात. दोघांचं सतरावं सरलेलं, दोघांचा एकमेकांवर जीव. हात मात्र ते पाण्याखालीच धरत, कारण पाण्याच्या वर गाव होतं. आपलं लग्न ठरलंय, हे ज्योतीरामनं दोन महिने लपवलं आणि शेवटच्या दुपारी काठावर बसून कसंबसं सांगितलं.

"रविवारी माझं लगीन हाय."

"ठावं हाय. वाजवायची सुपारी आमच्या अब्बांनी पाडव्यालाच घेतली. सनई मीच वाजवणार."

"आन् दोन महिनं बोलला न्हाईस?"

"बोललो असतो, तर तू लाजून यायचा थांबला असतास, राव."

* * *

रविवारी अक्षता पडल्या, रहिमाननं सनई तोंडाला लावली आणि नवरीच्या आधी नवरदेवच हमसून हमसून रडला, वऱ्हाड पोट धरून हसलं आणि सासरे तर इतके खूश झाले, की मांडवातूनच ओरडले, "थांबू नगंस रे पोरा, जावईबापूंना लई आवडलेलं दिसतंय!"