किक मारायला माणूस

क्लचची केबल तुटली तेव्हा दोघे उड्डाणपुलाच्या चढावर होते. पुढे सासरा, मागे जावई. म्हणजे पूर्वीचा जावई. मुलीचा आणि त्याचा घटस्फोट होऊन वर्ष उलटलं होतं.

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा एकच कल्ला केला. सासऱ्याने उजव्या पायाने गिअर काढला. या जुन्या विलायती मोटरसायकलचा गिअर उजव्या पायात होता आणि ब्रेक डाव्या. गाडी कठड्याला लागली, इंजिन बंद झालं.

गाडी तपासणीला नेण्याची आज शेवटची तारीख होती. स्वतःच्या इंजिनावर ती आज तिथे पोचली नाही, तर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. पण सासऱ्याच्या गुडघ्याने किक मारणं केव्हाच सोडलं होतं. सकाळी गल्लीतल्या दोघा धडधाकट गड्यांनी प्रयत्न करून पाहिला. एकाला किकने असा उलटा तडाखा दिला की तो पाय धरून खाली बसला. दुसरा ते बघूनच कामाला निघून गेला. शेवटी सासऱ्याने फोन लावला. तो नंबर त्याने फोनमधून पुसून टाकला होता, पण पाठ होता.

"किक मारायची आहे," एवढंच तो म्हणाला.

जावई होता तसा, घरच्या कपड्यांत आला. ही गाडी दोघांनी मिळून अंगणात नटबोल्टापर्यंत खोलली होती आणि जोडली होती. दुसऱ्याच किकला ती बोलू लागली. तो निघणार, तेवढ्यात सासऱ्याने दुसरं हेल्मेट पुढे केलं. "वाटेत बंद पडली तर?"

सकाळपासून कुणी कुणाला हाक मारली नव्हती. याला 'जावईबापू' म्हणवत नव्हतं, त्याला 'बाबा' म्हणवत नव्हतं. सगळी वाक्यं कर्त्याशिवाय चालली होती.

आता जावई हँडलखाली वाकला. "दुसरी केबल आहे ना. पहिलीच्या बाजूनेच बांधून ठेवली होती, अशाच वेळेसाठी." त्याने हात फिरवून पाहिला. नव्हती.

"काढली," सासरा म्हणाला.

"का?"

"राग आला होता." सासऱ्याने जावयाच्या हातांकडे पाहत हेल्मेटची काच उगाच वर-खाली केली. "या हातांनी बांधलेलं दिसेल ते काढलं. इंजिन तेवढं राहिलं. ते कुठे काढत बसणार?"

जावयाला हसू आलं असतं. पण एक ट्रक इतका खेटून गेला की दोघेही कठड्याला चिकटले. पुलाखाली गाड्या मुंग्यांसारख्या चालल्या होत्या. थांबायला जागा नव्हती आणि मागे फिरायची सोय नव्हती.

"जाऊ दे," सासरा म्हणाला. "झालं तेवढं पुष्कळ झालं. गाडीच आहे शेवटी."

जावयाने किक मारून इंजिन सुरू केलं. "बसा. मी ढकलतो. वेग आला की पहिला गिअर टाका. मग काही झालं तरी थांबायचं नाही."

"आणि..." सासरा अडला. इथे कर्ता लागत होता.

"मी पळत येऊन चढतो."

चढावर गाडी ढकलताना त्याचा ऊर फुटायची वेळ आली. सासऱ्याने कानाने इंजिनाचा अंदाज घेतला आणि गिअर टाकला. गाडीने एक हिसका दिला आणि जावयाच्या हातातून निसटली.

"अरे ये! बस, बस लवकर!" सासरा मागे न बघता एका हाताने सीट थोपटत होता. "अरे, ये ना रे!"

जावई धावला, त्याच्या खांद्याला धरून वर चढला. गाडी लटपटली, सावरली. पुढे सासरा क्लचशिवाय नुसत्या आवाजावर गिअर बदलत गेला. एकदाही खरखर झाली नाही. शेवटच्या चौकात लाल सिग्नलने गाठलंच. पुन्हा ढकलणं, पुन्हा पळणं. वाहतूक पोलिसाला हा प्रकार काय आहे ते कळलं नसावं. पण म्हातारा एकदाचा पुढे गेलेला बरा असं वाटून त्याने दोन्ही बाजूंची रहदारी रोखून धरली.

तपासणीच्या फाटकासमोरच्या दुकानात भलत्याच गाडीची केबल मिळाली. जावयाने ती कापून, वळवून बसवली. मग दोघे रांगेत उभे राहिले. सासऱ्याच्या खिशात फोन वाजला. मुलगी होती.

"पोचलो," सासरा म्हणाला.

"किक कुणी मारली?"

सासऱ्याने जावयाकडे पाहिलं. तो फडक्याला हात पुसत होता. "ज्याला येते त्याने."

ती म्हणाली, "पायात बूट आहेत का बघा. चपलेवरच मारतो तो."

सासऱ्याने फोनवर हात धरला. "बूट आहेत का विचारतेय."

जावयाने खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजव्या पायातली पुलावरच राहिली असावी.

"आहेत म्हणा."

"आहेत," सासऱ्याने सांगितलं आणि फोन ठेवला.

"पुढची गाडी!" आतून अधिकाऱ्याने आवाज दिला. "चालू करून दाखवा!"

जावई किककडे वळला.

"थांब." सासरा फाटकाच्या कट्ट्यावर टेकला. दुखरा गुडघा हाताने ओढून घेत त्याने उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि पुढे केला. "घाल."

बूट टाचेला जरासा सैल होता. जावयाने नाडी दोनदा आवळली आणि किकवर उभा राहिला.